अरिष्ट डॉलरचे, भुर्दंड संत्रा बागाईतदाराला

वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव संत्र्यांच्या बागांसाठी आणि त्याहूनही अधिक संत्र्यांच्या कलमांसाठी ख्यातनाम आहे. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून येथे तयार झालेल्या रोपांनी केवळ विदर्भातच नव्हे, तर मध्य प्रदेशात आणि राजस्थानातही बागा उभ्या केल्या. या गावाच्या पोटापाण्याचा संबंध वॉशिंग्टनमधील एखाद्या बँकेच्या बैठकीशी आहे असे कोणी पारावर बसून सांगितले असते, तर ऐकणाऱ्याने ती थट्टाच मानली असती. परंतु २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत हा संबंध इतक्या उघडपणे प्रत्ययास आला की, तो नाकारणे आता कोणालाही शक्य नाही.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर शून्याच्या जवळपास होता. जुलै २०२३ पर्यंत तो सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेण्यात आला. आपल्या देशातील महागाई आटोक्यात आणणे हा त्या बँकेचा हेतू होता, आणि तसे करताना अन्य देशांची वाट काय लागते याचा विचार करण्याचे बंधन तिच्यावर कोणी घातलेले नाही. पण डॉलर हे साऱ्या जगाच्या देवघेवीचे नाणे होऊन बसले आहे. त्याचे व्याज वाढले की भांडवलाचा ओघ अमेरिकेकडे वळतो, आणि तेल, खत व धान्य डॉलर मोजून घेणाऱ्या देशांच्या तिजोऱ्यांना गळती लागते. त्यातच फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटून तेल आणि धान्य दोन्ही कडाडली. बांगलादेश या तडाख्यात पुरता सापडला. ऑगस्ट २०२१ मध्ये ४,८०० कोटी डॉलर्सच्या घरात असलेली त्याची परकीय चलनाची गंगाजळी २०२३ संपता संपता जवळजवळ निम्म्यावर आली. एका डॉलरला ८६ टका मोजावे लागत होते, तेथे ११० मोजावे लागू लागले. जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ४७० कोटी डॉलर्सचे कर्ज मंजूर केले तेव्हा कोठे त्या सरकारला श्वास घेता आला. त्याआधीच, मे २०२२ मध्ये, डॉलर वाचविण्यासाठी चैनीच्या म्हणून ठरविलेल्या वस्तूंच्या आयातीवर जादा शुल्क बसविण्यात आले होते. त्या यादीत परदेशी फळे होती, आणि परदेशी फळांत वऱ्हाडचे संत्रे होते.

बांगलादेश हे या संत्र्याचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक. २०१९ च्या सुमारास किलोमागे २० रुपयांच्या आसपास असलेले तेथील शुल्क दरवर्षी चढत चढत २०२३ मध्ये ८८ रुपयांच्या घरात गेले. फळाच्या किमतीहून शुल्क मोठे, असा हा प्रकार. हा बोजा कोणी उचलायचा हे ठरविण्याची बाजाराची एक रीत आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढील काहीही समजणार नाही. व्यापारी हिशेब करतो तो ढाक्याहून मागे. तेथील गिऱ्हाईक किलोला किती देईल ते तो आधी धरतो. त्यातून शुल्क वजा, वाहतूक वजा, सीमेवरचा खर्च वजा, पेटी आणि भराई वजा, दलाली वजा, स्वतःचा नफा वजा. आणि सरतेशेवटी जे उरेल तो बागेतला भाव. तेल महागले तर ट्रकवाला भाडे वाढवू शकतो, दलाल आपला टक्का सोडत नाही, शुल्क तर सरकारचेच. साखळीतल्या प्रत्येकाला आपला वाटा राखता येतो. ज्याचे फळ झाडावर पिकून गळू पाहत आहे त्याला मात्र तो राखता येत नाही. बहाराचा सौदा झाडावरच होतो, इसार म्हणून थोडी रक्कम हातावर पडते, आणि भाव कोसळला की उरलेल्या रकमेसाठी घासाघीस सुरू होते. इसारावर पाणी सोडून निघून जाणारा व्यापारी या टापूला नवा नाही.

कापूस किंवा सोयाबीन घेणाऱ्याला पुढील हंगामात पीक पालटता येते. संत्र्याचे तसे नाही. कलम लावल्यापासून बाग फळावर येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तोवर पाण्यावर, खतावर आणि राखणीवर झालेला खर्च हा कर्जाच्या रूपाने डोक्यावर असतो, आणि वरुड तालुक्यातील भूजल उपशामुळे किती खोल गेले आहे हे बोअरवर बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही. म्हणून दोन वर्षांचे जागतिक अरिष्ट येथे दोन वर्षांत संपत नाही. बागेचा भाव पडला की नवी लागवड थांबते, नवी लागवड थांबली की कलमांची मागणी ओसरते, आणि डोळे भरणाऱ्या, तोडा करणाऱ्या, पेट्या भरणाऱ्या मजुरांचे दिवस बुडतात.

या अनुभवाने काहींचा रोख बांगलादेशावर वळला आहे. तो अन्याय्य तर आहेच, शिवाय दिशाभूल करणारा आहे. तेल आणि खतासाठी डॉलर राखावेत म्हणून एखाद्या गरीब देशाने फळांची आयात कमी करणे हा गुन्हा नव्हे. तशा परिस्थितीत दिल्लीनेही तेच केले असते. किंबहुना दिल्लीने याहून आडदांड वर्तन केले. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून निर्यातीवर संपूर्ण बंदी, हे निर्णय भारत सरकारचे होते. आपला कांदा ज्या देशांच्या स्वयंपाकघरात जातो त्यांत बांगलादेश अग्रभागी आहे. शेजाऱ्याचा कांदा एका रात्रीत तोडायचा आणि त्याने आपले संत्रे मात्र बिनशुल्क घ्यावे अशी अपेक्षा धरायची, याला व्यापारनीती म्हणणे कठीण आहे. नाशिकच्या कांद्यावर ओढलेला चाबूक वरुडच्या संत्र्यालाही लागतो, हे महाराष्ट्रातील शेतकरी संघटनांनी अद्याप पुरेसे ध्यानात घेतलेले नाही.

आता आपल्या राज्यकर्त्यांनी काय केले ते पाहावे. २०२३ च्या अखेरीस, बराच ओरडा झाल्यानंतर, राज्य शासनाने बांगलादेशातील शुल्काचा निम्मा भार अनुदानरूपाने उचलण्याचे जाहीर केले आणि त्यासाठी सुमारे १७० कोटी रुपयांची तरतूद केली. काहीच न करण्यापेक्षा हे बरे, असे म्हणून या निर्णयाचे स्वागत झाले. परंतु अनुदानाची वाट तपासली पाहिजे. ते मिळते माल सीमेपार गेल्यानंतर, कागदपत्रे दाखवून, आणि कागदपत्रे असतात निर्यात करणाऱ्यापाशी. बागेतला सौदा त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो, तोही ८८ रुपयांचे शुल्क गृहीत धरून. शासनाने उचललेला निम्मा भार मागे सरकत बागेपर्यंत पोहोचेल याची हमी कोठे आहे? फार तर पुढच्या बहारात, स्पर्धा असलीच तर, त्याचा काही अंश पाझरेल. ज्याच्या वहीतून पैसा फिरतो त्याला मदत दिली की ती ज्याचे नुकसान झाले त्याला आपोआप मिळते, या श्रद्धेवर अशी सारी धोरणे उभी असतात.

ही श्रद्धा जुनी आहे. १५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमधील लेहमन ब्रदर्स या पेढीने दिवाळे काढले आणि भांडवलशाही जगाच्या पायाखालची वाळू सरकली. अमेरिकेने ३ ऑक्टोबरला ७० हजार कोटी डॉलर्सची तरतूद बँका वाचविण्यासाठी केली. सरकारी पैशावर तगलेल्या एआयजी या विमा कंपनीने मार्च २००९ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना साडेसोळा कोटी डॉलर्सचे बोनस वाटले, तेव्हा तेथील सामान्य माणसाच्याही लक्षात आले की, तोटा समाजाचा आणि नफा मालकाचा. भारतातील बँका त्या वादळात उभ्या राहिल्या याचे श्रेय मुंबईतील पंडितांनी कोणाकोणाला दिले नाही! १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते म्हणून ठेवीदाराने २००८ च्या शरदात आपली पुंजी निर्धास्तपणे सरकारी बँकेत ठेवली, हे साधे कारण मात्र फार थोड्यांनी उच्चारले.

दिल्ली आणि मुंबईची पावले त्या वेळी विलक्षण झपाट्याने पडली. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ मध्ये ९ टक्के असलेला रेपो दर एप्रिल २००९ पर्यंत पावणेपाच टक्क्यांवर आणला. बँकांनी राखावयाच्या रोख निधीचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५ वर आले. अशा सर्व उपायांनी मिळून सुमारे साडेपाच लाख कोटी रुपयांची रोकड मोकळी होण्याची सोय झाली. म्युच्युअल फंडांवर पैसे काढणाऱ्यांची गर्दी होताच २० हजार कोटींची खास खिडकी उघडण्यात आली. ७ डिसेंबर २००८, २ जानेवारी २००९ आणि २४ फेब्रुवारी २००९ अशा तीन हप्त्यांत केंद्राने उद्योगांना उत्तेजन देणारे उपाय जाहीर केले. पहिल्याच हप्त्यात उत्पादनशुल्कात सरसकट चार टक्क्यांची कपात होती. बिल्डरांची थकलेली कर्जे नव्या मुदतीने बांधून देण्याची आणि तरीही ती चांगली कर्जे म्हणून दाखविण्याची मुभा बँकांना मिळाली.

याच वर्षी, अरिष्ट येण्यापूर्वी, २९ फेब्रुवारीला जाहीर झालेल्या शेतकरी कर्जमाफीची कसोटी आठवावी. दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याचे थकित कर्ज माफ. त्याहून अधिक असणाऱ्याने पाऊणहिस्सा भरावा, तर उरलेला पाव माफ. पाटाच्या पाण्याखालची चार एकर जमीन असणारा या हिशेबाने लहान ठरला, आणि अमरावती-अकोल्याच्या कोरडवाहू काळ्या रानात आठ एकरांवर पऱ्हाटी पेरणारा, ज्याच्या घरात वर्षाकाठी त्याच्या निम्मेही येत नव्हते, तो मोठा ठरला. ज्या सहा जिल्ह्यांतील आत्महत्यांमुळे १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांना विदर्भात येऊन ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले होते, त्याच जिल्ह्यांतील असंख्य कास्तकार दीड वर्षांनी कर्जमाफीच्या दाराबाहेर राहिले. राज्याने पुढे पुरवणी सवलत दिली खरी, पण कसोटीतला पक्षपात त्याने झाकला जात नाही. बिल्डरला त्याची जमीन किती फूट आहे हे कोणी विचारले नव्हते.

तथापि त्या वर्षीचा एक निर्णय असा आहे की, त्याचे स्मरण समाजवादी कार्यकर्त्यांनी टीकेच्या भरात गमावू नये. २००८-०९ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला १,८०० वरून २,५०० रुपये आणि लांब धाग्याचा २,०३० वरून ३,००० रुपये करण्यात आला होता. हे ठरले तेव्हा जगात कापूस तेजीत होता. हंगाम सुरू होईपर्यंत लेहमनचे दिवाळे निघाले, मागणी आटली, आणि मार्चमध्ये पौंडाला ८० सेंटांच्या वर असलेला जागतिक भाव नोव्हेंबरात ५० ते ५५ सेंटांपर्यंत उतरला. गिरणीमालकांनी हमीभाव मागे घेण्यासाठी आकाशपाताळ एक केले. हमीभाव मागे घेतला गेला नाही. भारतीय कापूस निगम बाजारात उतरले आणि देशाच्या सुमारे २९० लाख गाठींच्या पिकापैकी जवळजवळ ८९ लाख गाठी एकट्या निगमाने घेतल्या. नाफेडतर्फे महाराष्ट्रात पणन महासंघानेही खरेदी केली. केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या, प्रतवारीवरून भांडणे झाली, चुकाऱ्यासाठी हेलपाटे पडले. हे सर्व घडले. पण जागतिक मंदीचा तो घाव वऱ्हाडच्या कास्तकाराच्या मानेवर पूर्ण ताकदीने बसला नाही. तोटा आला तो निगमाच्या विक्रीत, आणि तो केंद्राच्या तिजोरीने भरून दिला.

या दोन मार्गांतला भेद नीट ओळखला पाहिजे. व्याजदर उतरविणे, शुल्क माफ करणे, निर्यातदाराला अनुदान देणे यांत शासन बाजाराच्या बाहेर उभे राहून आत पैसे फेकते आणि ते कोण उचलतो याकडे पाहत नाही. हमीभावाने खरेदी करताना शासन स्वतः तराजूपाशी उभे राहते. पहिल्या प्रकारात तोटा वरून खाली ढकलत नेता येतो. दुसऱ्या प्रकारात त्याला एका ठिकाणी अडविले जाते. आणि अडविले गेल्याचा परिणाम बाजारभावावरही होतो, कारण शेजारी सरकारी काटा असला की खाजगी व्यापाऱ्यालाही फार खाली उतरता येत नाही.

धोरणकर्त्यांनी हा धडा घेतला असता तर नंतरची वर्षे वेगळी गेली असती. एप्रिल २०१० मध्ये कापसाला भाव येऊ लागताच टनामागे अडीच हजार रुपये निर्यातशुल्क बसले आणि निर्यातीची नोंदणी रोखण्यात आली. पुढील हंगामात, जगातला भाव पौंडाला दोन डॉलर्सच्या वर गेला असताना, ५५ लाख गाठींची मर्यादा घालण्यात आली. ५ मार्च २०१२ रोजी तर बंदीच जाहीर झाली. आठवडाभराच्या गदारोळानंतर ती उठली. आणि अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लादताच दिल्लीने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क स्थगित केले, प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत आणि लगेच डिसेंबरअखेरपर्यंत. कापड निर्यातदारांना स्वस्त कापूस मिळावा हा त्यामागचा विचार. घाव घातला वॉशिंग्टनने कापडावर, आणि वळ उठला तो नेमक्या वेचणीच्या तोंडावर वऱ्हाडच्या कापसावर. गिरणी अडचणीत आली तर कापूस स्वस्त करायचा, आणि कापसाला भाव आला तर गिरणीसाठी दरवाजा लावायचा: अरिष्ट कोणतेही असो, उत्तर ठरलेले आहे.

संत्र्याला कापसाचा उपाय लागू पडत नाही, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो निराधार नाही. गाठ गुदामात वर्षभर राहते, संत्रे राहत नाही. शिवाय सरकारी खरेदी म्हटली की महाराष्ट्रातील माणसाला १९७२ पासूनची कापूस एकाधिकार योजना आठवते. ती योजना शेतकऱ्याच्या हितासाठी जन्मली आणि या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत गुंडाळली गेली, तेव्हा तिच्यासाठी अश्रू ढाळणारे फारसे उरले नव्हते. लांबलेले चुकारे, प्रतवारीतील लबाडी, तोट्याचे डोंगर यांचे समर्थन कोणी करू नये. पण त्या अपयशाचा अर्थ शासनाने तराजूपासून दूर व्हावे असा लावणारे लोक बुडालेल्या खाजगी पेढ्यांचा अर्थ मात्र कधीच तसा लावीत नाहीत.

नाशवंत मालासाठीही तरतूद आहे. हमीभाव नसलेल्या फळभाज्यांसाठी केंद्राची बाजार हस्तक्षेप योजना कित्येक वर्षे कागदावर आहे आणि तिच्याखाली पूर्वी सफरचंदाबरोबर संत्र्याचाही समावेश झालेला आहे. नेहमीच्या वर्षाच्या तुलनेत भाव १० टक्क्यांहून अधिक घसरला आणि राज्याने मागणी केली की ती लागू होऊ शकते. तोटा केंद्र आणि राज्य यांनी निम्मा निम्मा सोसायचा. २०२५ च्या आरंभी तिच्या नियमांत दोन बदल झाले. खरेदीची मर्यादा उत्पादनाच्या २० टक्क्यांवरून २५ टक्के झाली. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा: प्रत्यक्ष माल न उचलता, ठरलेला हस्तक्षेप भाव आणि विक्रीचा भाव यांतील फरक शेतकऱ्याच्या खात्यात थेट भरण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. नासण्याचा प्रश्न यात उरत नाही. १७० कोटींची तरतूद निर्यातदाराच्या वाटेने जाऊ शकते, तर बागाईतदाराच्या खात्याच्या वाटेने का जाऊ नये, याचे उत्तर शासनाने द्यावे.

या मार्गात एक खरी अडचण आहे. फरक मोजायचा तर विक्रीची नोंद हवी, आणि झाडावर झालेल्या सौद्याची नोंद बाजार समितीच्या दफ्तरात नसते. तो व्यवहार तोंडी असतो, फार तर एखाद्या चिठ्ठीवर. जोपर्यंत तो तसाच चालेल तोपर्यंत शासनाला अनुदान निर्यातदाराला देण्याचे सोयीस्कर निमित्त मिळत राहील. तेव्हा वरुड, मोर्शी, चांदूरबाजार या पट्ट्यातील कार्यकर्त्यांपुढचे पहिले काम मोर्चाचे नसून नोंदीचे आहे. प्रत्येक बागेचा सौदा इसाराच्या रकमेसह बाजार समितीत लेखी नोंदविला जावा, इसार सोडून पळणाऱ्या व्यापाऱ्याचा परवाना त्या नोंदीवरून रद्द व्हावा, आणि भाव पडल्यास तीच नोंद फरकाच्या रकमेचा पुरावा ठरावी. कर्जमाफीची घोषणा देणे सोपे असते व टाळ्याही मिळतात. ही वहीची कामे रुक्ष आहेत आणि म्हणूनच आजवर मागे पडली.

दुसरी गोष्ट मजुरांची. तोडा, छाटणी, भराई आणि हमाली करणाऱ्यांचा उल्लेख २००८ च्या उपायांत नव्हता आणि २०२३ च्या अनुदानातही नाही. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क झालेली रोजगार हमी ही महाराष्ट्राची देणगी. २००९-१० मध्ये केंद्राने देशभरच्या ग्रामीण रोजगार हमीसाठी ३९,१०० कोटी रुपये ठेवले, तेव्हा मंदीच्या काळात खेड्यातील चूल पेटती ठेवणारा तोच एक आधार होता. बाग बंद पडली तर बागेतल्या मजुराला त्या हंगामात गावातच काम मिळाले पाहिजे. आणि भूजल खालावलेल्या वरुड तालुक्यात नाल्यांच्या, बंधाऱ्यांच्या आणि पुनर्भरणाच्या कामांची वाण नाही. बागाईतदारासाठी भावफरक मागणाऱ्या निवेदनात मजुरासाठी ही कामे मागणारे कलम नसेल, तर त्या निवेदनावर पक्षाच्या कार्यकर्त्याने सही करू नये.

आंबिया बहाराचे सौदे पावसाळा सरता सरता होऊ लागतात. बाजार हस्तक्षेप योजनेसाठी राज्याचा प्रस्ताव दिल्लीस जायचा तर तो त्यापूर्वी तयार असावा लागेल. भाव पडल्यावर फाईल हलू लागली तर ती मंत्रालयातून बाहेर पडेतो मृगाचाही तोडा आटोपलेला असेल. जिल्हा उपनिबंधकांकडे सौद्यांच्या नोंदीची मागणी आणि पणन खात्याकडे प्रस्तावाची मागणी, ही दोन्ही निवेदने शेंदूरजनाघाट आणि वरुडच्या शाखांनी पोळ्याच्या आत पोहोचती करावीत.